चार नंबरची खुर्ची

हल शहर, डायलिसिसचा वॉर्ड,
मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी.
खिडकीपाशी खुर्ची चार. तिच्या अलीकडे पाच.
पहिल्याच दिवशी मॉरीननं बजावलं,
त्या दोघांमधला पडदा कायम ओढलेला ठेवायचा.

चारवर मुन्झिर हलबूनी, एकेकाळचे पाटबंधारे मंत्री.
पाचवर फवाझ दंदशी, पक्षाच्या लष्करी शाखेचे सचिव.
देश एक, पक्ष एक, घोषणा एक,
तुरुंगसुद्धा एकच, फक्त सालं वेगळी.
आधी ह्यांनी त्यांना आत घातलं,
मग त्यांच्या माणसांनी ह्यांना,
मग तिसऱ्याच कुणीतरी दोघांनाही सीमेपार हाकललं.
आता एकाचा मुलगा इथे हाडांचा डॉक्टर,
दुसऱ्यांना कौन्सिलनं दिलेली एक खोली.
आणि मूत्रपिंडं दोघांचीही
पक्ष सोडून गेलेली.

येताना वजन, जाताना वजन. ते काम माझं.
माझे दादा साखर कारखान्याच्या काट्यावर होते.
निवडणूक लागली की चेअरमनची माणसं पुढच्या दारानं यायची,
व्हाइस चेअरमनची मागच्या.
दादा दोघांचा चहा प्यायचे, आकडा तेवढा खरा लिहायचे.
म्हणायचे, काट्यावर बसणाऱ्यानं पॅनेल धरू नये.
भाऊबंदकी काय असते
हे मला कुणा परक्यानं सांगायला नको होतं.

"खिडकी माझी," मुन्झिर म्हणायचे, "मी आधी आलो."
पडद्यामागून उत्तर यायचं,
"आधी येणं! त्याची विचारसरणी एवढीच."
एकमेकांशी बोलायचे नाहीत. माझ्याशी बोलायचे, मोठ्यानं.

"सिस्टर, त्याच्या कोटाच्या खिशात खजूर आहे."
"सिस्टर, त्यानं काल दोन लिटर पाणी प्यायलं, मला पक्की खबर आहे."
जुनी सवय. अहवाल वरपर्यंत पोचला पाहिजे,
आणि वरपर्यंत म्हणजे आता मी,
निळ्या गणवेशातली, कोपरगावची.
खजूर मी जप्त करायचे. पोटॅशियम चढतं, जीव जातो.
जप्तीच्या वेळी पडद्याआड कुणीतरी हलकेच खोकायचं.

एकदा सुई टोचताना फवाझनी आपला डावा हात दाखवला.
फुगलेली शीर, बोट ठेवलं की मधमाशीसारखी गुणगुणणारी.
"हाच हात," ते म्हणाले.
"त्या बैठकीत त्याला काढायचा ठराव होता.
मी सगळ्यात शेवटी वर केला,
बाकीचे सगळे वर गेलेले बघून."
मग थोडं थांबून,
"त्याला सांगू नका. त्याला वाटतं मी पहिला होतो.
त्याला तसंच वाटू दे."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चार नंबर रिकामी राहिली.
मंगळवारी मी फवाझना तिथे बसवलं.
तीन वर्षं ज्या खिडकीसाठी भांडले
ती त्यांनी मान वळवून पाहिली.
कचऱ्याचे पिवळे डबे. विटांची भिंत.
भिंतीवरून, ओहोटी असली तर,
हंबर नदीच्या चिखलाची एक पट्टी.
"एवढंच?" ते म्हणाले.
पुढचे चार तास काही नाही.

निघताना विचारलं, "रफीकला कुठे पुरलं?"
मी यादी चाळली. रफीक नावाचा पेशंट नव्हता.
आमच्या गावात एक होता, स्टोव्ह दुरुस्त करायचा.
फरशी पुसणारा येमेनी अब्दो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला,
ते नाव नाही, बाई.
पक्षात एकमेकांना तशी हाक मारतात.

गुरुवारी पाचवर मिसेस थॅकरे आल्या,
बंदरात चाळीस वर्षं मासे साफ केलेल्या.
मी पडदा सरकवला. कड्या गंजल्या होत्या, अडकत अडकत सरकला.
फवाझ काट्यावर उभे राहिले, कोट न काढता.
उजवा खिसा फुगलेला.
त्यांनी पाच नंबरकडे पाहिलं. वाट पाहिली.
मिसेस थॅकरे शब्दकोडं सोडवत होत्या.

मी आकडा लिहिला,
जो दिसला तो.